चाल लोकांची, मालकी कंपनीची

कार्यकर्त्यांच्या शिबिरात रात्रीची जेवणे आटोपली की गाण्यांची बैठक बसते. पोवाडा होतो, स्फूर्तिगीते होतात, एखाद्या वडीलधाऱ्या साथीला जुनी लावणी आठवते. अलीकडे या बैठकीत एक नवा पाहुणा येऊ लागला आहे. विशीतला एखादा कार्यकर्ता खिशातला फोन काढतो, ध्वनिवर्धकाला जोडतो आणि सर्वांना ठाऊक असलेले एक गाणे लावतो. पण ते गाणे ओळखीचे असूनही अनोळखी वाटते. आवाज जुना, ठेका नवा. किंवा शब्द एका गाण्याचे आणि साथसंगत भलत्याच गाण्याची. पहिले काही क्षण चेहऱ्यांवर गोंधळ असतो, मग ओळख पटते, मग हसू फुटते आणि तरुण मंडळी उठून नाचू लागतात. नेमक्या त्याच वेळी मागच्या रांगेतून एक जड सुस्कारा ऐकू येतो, "ही विकृती आता शिबिरातही आली!"

या सुस्काऱ्याची तपासणी होणे आवश्यक आहे. कारण तो एका व्यक्तीचा नाही. पुरोगामी वर्तुळातील एका जुन्या खोडीचा तो उद्गार आहे. बहुजनांना ज्या गोष्टीत आनंद वाटतो ती गोष्ट आधी संशयित ठरवायची, आणि त्या आनंदावर नफा कोण कमावतो हा प्रश्न मात्र विचारायचा नाही, अशी ही खोडी आहे. तमाशाबाबत हेच घडले, चित्रपटगीतांबाबत हेच घडले. आता पाळी रीमिक्सची आणि मॅशअपची आहे. ध्वनिमुद्रित गाणे यंत्राच्या साहाय्याने नव्या तालात, नव्या साजात बांधले की ते रीमिक्स. आणि दोन वा अधिक गाण्यांचे तुकडे एकमेकांत विणून तिसरेच गाणे उभे केले की ते मॅशअप.

या संगीतावर घेतले जाणारे आक्षेप तीन आहेत. पहिला, ही चोरी आहे. दुसरा, यात श्रम नाहीत, यंत्रच सर्व काही करते. तिसरा, यामुळे अभिरुची बिघडते. हे आक्षेप बोलले जातात डाव्या परिभाषेत, पण त्यांतील पहिला आक्षेप ध्वनिमुद्रण कंपन्यांचे वकील जगभरच्या न्यायालयांत मांडत आले आहेत. कार्यकर्ता आणि कंपनीचा वकील एकाच सुरात बोलू लागले, की सूर कोणाचा आहे हे पाहणे भाग पडते.

प्रथम या कलेचा जन्म पाहावा. ती कोणा धनवंताच्या दिवाणखान्यात जन्मली नाही. जमैकाची राजधानी किंग्स्टन आणि तिच्या आसपासची गरीब वस्ती हे तिचे एक महत्त्वाचे जन्मस्थान. तेथे नाचगाण्यासाठी वाद्यवृंद बोलावणे कष्टकऱ्यांना परवडत नसे. म्हणून प्रचंड ध्वनिवर्धक आणि तबकड्या घेऊन फिरणारी मंडळी मोकळ्या जागेत नाचाचे मेळे भरवीत. १९६०च्या दशकाच्या अखेरची एक हकीकत सांगितली जाते. रडी रेडवुड नावाच्या मेळेवाल्यासाठी तबकडी कापताना तंत्रज्ञाकडून गायकाचा आवाज चुकून वगळला गेला. ती अर्धवट तबकडी मेळ्यात वाजली, आणि लोकांनी मोकळ्या जागेत स्वतःचा आवाज भरून ते गाणे पूर्ण केले. ऐकणारा गाणारा झाला. पुढे किंग टबी या नावाने ओळखल्या गेलेल्या ऑस्बोर्न रडॉक या कारागिराने ध्वनिमिश्रणाच्या यंत्रालाच वाद्य बनविले. हा मनुष्य विजेची आणि रेडिओची उपकरणे दुरुस्त करून पोट भरत असे. आवाज काढून घेणे, खर्ज पुढे आणणे, एखादा शब्द प्रतिध्वनीत विरघळवून टाकणे, ही किमया त्याने स्वतः जुळवलेल्या उपकरणांवर साधली. तिला 'डब' हे नाव मिळाले, आणि आजच्या इलेक्ट्रॉनिक संगीतातील अनेक प्रवाहांचे मूळ तेथे आहे.

याच किंग्स्टनमध्ये जन्मलेला क्लाइव्ह कॅम्बेल नावाचा मुलगा आईवडिलांबरोबर न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात आला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक अव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत त्याच्या बहिणीने एक लहानसा समारंभ ठेवला होता. तेथे तबकड्या वाजविताना, आणि त्यानंतरच्या मेळ्यांत, 'कूल हर्क' या नावाने तो प्रसिद्धीस आला. गाण्यात गायक थांबतो, वाद्ये थांबतात आणि केवळ ढोलताशाचा तुकडा उरतो, त्या तुकड्यावर लोक सर्वाधिक बेभान होऊन नाचतात, हे त्याने हेरले. मग एकाच गाण्याच्या दोन तबकड्या शेजारी ठेवून तो तेवढा तुकडा पुनःपुन्हा वाजवीत राहिला. त्या मेळ्यांतून हिप-हॉपचा उगम झाला. ज्यांना वाद्य विकत घेणे शक्य नव्हते त्यांनी तबकडीलाच वाद्य केले. ज्यांना निर्मितीची साधने नाकारली गेली होती त्यांनी उपभोगाच्या साधनाचे निर्मितीच्या साधनात रूपांतर केले. यात श्रम नाहीत असे म्हणणाऱ्याने एकदा दोन गाण्यांची लय, पट्टी आणि भाव जुळवून पाहावा. शेकडो गाणी कानाखालून गेल्याशिवाय हे साधत नाही.

महाराष्ट्राला तर ही रीत परकी वाटण्याचे कारणच नाही. जुन्या पदसंग्रहांत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून दुसऱ्याच एखाद्या पदाचा उल्लेख छापलेला असे. कवीने शब्द नवे लिहिले, चाल मात्र लोकांच्या ओठांवरची घेतली, आणि त्यात कोणाला काही गैर वाटले नाही. १८८२ साली रंगभूमीवर आलेल्या 'सौभद्रा'त अण्णासाहेब किर्लोस्करांनी प्रचलित चाली वापरल्या. १९१६ च्या 'स्वयंवरा'त भास्करबुवा बखल्यांनी घराणेदार बंदिशी नाट्यपदांच्या रूपाने तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकांपुढे ठेवल्या. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने लावणीची आणि छक्कडीची घडण घेऊन तीत गिरणगावाचे दुःख आणि लढा भरला. शृंगाराची चाल संपाच्या कामी आली. त्या वेळीही 'लावणी बाटविली' असे म्हणणारे असतीलच. इतिहासाने त्यांची दखल ठेवलेली नाही. रस्त्यावरची बँजो पार्टी पाहावी. कोळीगीतावरून चित्रपटगीतावर, तेथून भक्तिगीतावर आणि पुन्हा कोळीगीतावर, ठेका न मोडता ती वाजवीत जाते. संगणकावर मॅशअप जुळविणारा मुलगा त्याच वाटेने चालला आहे.

मग या संगीताचा आनंद नेमका कशाचा आहे? तो दोन गोष्टींचा आहे, ओळखीचा आणि शोधाचा. ओळखीचे गाणे अनोळखी वेषात भेटले की ऐकणारा सावध होतो. इतकी वर्षे केवळ शब्द ऐकले, त्यामागे व्हायोलिनांचा ताफा काय करीत होता हे कधी ध्यानातच आले नव्हते, असे त्याच्या लक्षात येते. रीमिक्स करणारा गाणे उसवतो आणि शिवण दाखवितो. तरुण श्रोता रीमिक्सच्या बोटाला धरून मूळ गाण्यापर्यंत जातो, संगीतकाराचे नाव शोधतो, त्याची आणखी दहा गाणी ऐकतो. १९९४ साली बर्मिंगहॅमच्या बाली सागूने 'बॉलीवूड फ्लॅशबॅक' या संग्रहात जुनी हिंदी चित्रपटगीते नव्या तालात आणली, तेव्हा इंग्लंडात वाढलेल्या भारतीय मुलांना आईबापांची गाणी प्रथमच स्वतःची वाटली. स्थलांतरित कुटुंबांत दोन पिढ्यांमधले तुटलेले बोलणे एखादे गाणे पुन्हा जोडू शकते. या गोष्टीला विकृती म्हणणे हे अज्ञान आहे.

येथपर्यंतचा युक्तिवाद सोपा होता. आता अवघड भागाकडे वळले पाहिजे, कारण रीमिक्सचे आंधळे समर्थनही तितकेच घातक आहे. चाल आणि ध्वनिमुद्रण यांत फरक आहे. चाल हवेतून उचलता येते. ती उचलल्याने कोणाचे काही कमी होत नाही. ध्वनिमुद्रणात मात्र एका विशिष्ट माणसाचा विशिष्ट दिवशीचा श्वास, त्याच्या मनगटाची मेहनत, त्याचा घाम बंद झालेला असतो. तो संचित श्रम आहे. तो तुकडा कापून दुसरीकडे वापरला तर त्या श्रमाचे देणे कोणाकडे जाते, हा प्रश्न समाजवादी माणूस टाळू शकत नाही.

या प्रश्नाची सर्वांत करुण कहाणी अवघ्या सहा-सात सेकंदांची आहे. १९६९ साली 'द विन्स्टन्स' या अमेरिकन वाद्यवृंदाने 'आमेन, ब्रदर' ही तबकडी काढली. तीत ग्रेगरी कोलमन या कृष्णवर्णीय ड्रमवादकाने एकट्याने वाजविलेला चार आवर्तनांचा एक तुकडा आहे. पुढे हा तुकडा हजारो गाण्यांत वापरला गेला. इंग्लंडातील जंगल आणि ड्रम अँड बेस हे संगीतप्रकार मोठ्या प्रमाणात त्याच्यावरच उभे राहिले. त्याबद्दल कोलमनला काही मिळाले नाही. २००६ साली तो बेघर आणि कंगाल अवस्थेत मरण पावला. वाद्यवृंदाचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याला २०१५ साली इंग्लंडातील डीजेंनी वर्गणी काढून सुमारे २४,००० पौंड दिले. हे कायद्याने झाले नाही, कंपनीने केले नाही. त्या संगीतावर जगणाऱ्या आणि नाचणाऱ्या लोकांनी लाजेने आणि प्रेमाने केले. ती वर्गणी फार उशिरा आली, हेही विसरता कामा नये.

तर मग कायदा इतकी वर्षे काय करीत होता? तो कडक होत होता, पण कोणासाठी? १९९१ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात बिझ मार्की या रॅप गायकाविरुद्धच्या खटल्याचे निकालपत्र बायबलमधील चोरीविषयीच्या आज्ञेने सुरू झाले. त्यानंतर तबकडीचा तुकडा वापरायचा तर आधी परवाना आणि परवान्याची किंमत, असा दंडक झाला. २००५ साली अमेरिकेच्या एका अपील न्यायालयाने दोन सेकंदांच्या गिटारच्या तुकड्यासाठीही परवाना लागतो असे ठरविले. तो तुकडा जॉर्ज क्लिंटन यांच्या फंकाडेलिक या वाद्यवृंदाचा होता; पण फिर्यादी क्लिंटन नव्हते, वादक नव्हते. फिर्यादी होत्या हक्क बाळगणाऱ्या कंपन्या. बोट ज्याचे तारेवर फिरले त्याला न्यायालयात जागा नव्हती. परिणाम असा, की श्रीमंत निर्माते परवाने घेत राहिले आणि ब्राँक्ससारख्या वस्तीतला मुलगा गुन्हेगार ठरला.

कंपन्यांचा ढोंगीपणा पाहायचा असेल तर २००४ आणि २००६ ही दोन साले शेजारी ठेवावीत. २००४ च्या आरंभी डेंजर माऊस या नावाने काम करणाऱ्या ब्रायन बर्टनने 'ग्रे अल्बम' तयार केला. जे-झी या रॅप गायकाच्या २००३ सालच्या 'ब्लॅक अल्बम'मधील शब्द आणि बीटल्सच्या १९६८ सालच्या पांढऱ्या वेष्टनातील संग्रहाचे संगीत, असे ते मॅशअप होते. बीटल्सच्या ध्वनिमुद्रणांवर हक्क सांगणाऱ्या ईएमआय कंपनीने वितरण थांबविण्याची नोटीस बजावली. उत्तरादाखल २४ फेब्रुवारी २००४ रोजी दीडशेहून अधिक संकेतस्थळांनी तो संग्रह निषेध म्हणून लोकांना विनामूल्य उपलब्ध करून दिला. कंपनीच्या दृष्टीने ही चोरीची मोहीम होती. पुढे अवघ्या दोन वर्षांत, नोव्हेंबर २००६ मध्ये, त्याच ईएमआयने बीटल्सचा 'लव्ह' हा संग्रह बाजारात आणला. तो काय होता? बीटल्सच्या जुन्या गाण्यांचे तुकडे एकमेकांत गुंफून केलेले मॅशअप! ते जॉर्ज मार्टिन आणि त्यांचे पुत्र जाइल्स यांनी केले होते, बीटल्सच्या संमतीने केले होते, उत्तमही होते. त्याला पुढे ग्रॅमी पारितोषिकेही मिळाली. म्हणजे प्रश्न गाण्याच्या पावित्र्याचा नव्हताच. मालकाने केले तर तो प्रयोग, दुसऱ्याने केले तर तो गुन्हा, एवढाच त्याचा अर्थ.

भारतातील चित्र याहून वेगळे नाही; उलट अधिक बोलके आहे. हिंदी चित्रपटसंगीताचा जो साज रीमिक्सवाल्यांना आज भुरळ घालतो, तो कोणी रचला? मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत गोव्याहून आलेले वादक आणि वाद्यवृंद-संयोजक मोठ्या संख्येने काम करीत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, चिक चॉकलेट या नावाने गाजलेले अंतोनियो शाविएर वाझ ही त्यांपैकी थोडी नावे. संगीतकाराने चाल द्यावी आणि तिच्याभोवतीचा व्हायोलिनांचा, तुताऱ्यांचा, खर्जाचा महाल या मंडळींनी उभारावा, अशी पद्धत होती. पडद्यावरच्या श्रेयनामावलीत ते फार तर 'साहाय्यक' म्हणून येत. बहुतेकांचे नावही येत नसे. ध्वनिमुद्रण झाले की त्या दिवसाचे पैसे हातावर पडत आणि संबंध संपे. गिरणीच्या दारातल्या बदली कामगारात आणि यांच्यात फरक काय तो वाद्याचा.

१९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटासाठी मोबदला घेऊन रचलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक सामान्यतः निर्माता ठरतो असा निर्णय दिला. त्या निकालात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी, म्हणजे केरळच्या १९५७ च्या साम्यवादी मंत्रिमंडळात कायदामंत्री राहिलेल्या गृहस्थांनी, स्वतंत्र टीप जोडून गायकाला कायद्यात काहीच हक्क नसावा याबद्दल खंत व्यक्त केली आणि संसदेचे लक्ष वेधले. संसदेला जाग येण्यास १९९४ साल उजाडले. तेव्हा कलावंतांना प्रयोगावरील मर्यादित हक्क मिळाले.

त्या १९७७ च्या तत्त्वाची सावली किती लांब पडली ते पाहण्यासारखे आहे. २००२ साली अमेरिकेत ट्रुथ हर्ट्स या गायिकेचे 'अ‍ॅडिक्टिव्ह' हे गाणे गाजले. त्यात 'ज्योती' या १९८१ सालच्या हिंदी चित्रपटातील, लता मंगेशकरांनी गायिलेल्या आणि बप्पी लाहिरींनी संगीत दिलेल्या गाण्याचा मोठा तुकडा न विचारता वापरला होता. लाहिरींनी अमेरिकेत दावा लावला. आरंभी श्रेय देण्यापुरता त्यांना दिलासा मिळाला. पण अखेर दावा टिकला नाही. का? तर भारतीय कायद्यानुसार चित्रपटासाठी मोबदल्यावर केलेल्या त्या रचनेवर संगीतकाराची मालकीच नव्हती! २०१० साली अपील न्यायालयाने त्यांच्या वकिलावरील दंडही कायम केला. स्वतःचे गाणे स्वतःचे आहे असे म्हटल्याबद्दल दंड, हा न्याय ज्या व्यवस्थेत मिळतो तिने चोरीवर प्रवचने देऊ नयेत.

याच सुमारास देशात रीमिक्सची लाट होती. १९७२ च्या 'समाधी' चित्रपटातील राहुलदेव बर्मन यांच्या 'काँटा लगा' या गाण्याची २००२ सालची आवृत्ती तिचे शिखर. तिच्या चित्रफितीवर अश्लीलतेचा आरोप झाला, आणि स्त्रीदेहाचा बाजार मांडण्याविरुद्धचा संताप अनाठायी नव्हता. परंतु त्या बाजाराचा उगम ठेक्यात नव्हता, विक्रीच्या गणितात होता. तोच बाजार साबणाच्या जाहिरातीतही भरतो. त्या लाटेतील पुष्कळशा गाण्यांत मूळ आवाज नव्हताच. नव्या गायिकांकडून गाणे पुन्हा गाऊन घेतले जाई. कॉपीराइट कायद्यातील जुन्या तरतुदीने दोन वर्षांनंतर ठराविक रॉयल्टी भरून असे पुनर्ध्वनिमुद्रण करता येत असे. १९८०च्या दशकात टी-सिरीजने याच फटीतून जुन्या गाण्यांच्या स्वस्त कॅसेटी नव्या आवाजांत काढल्या आणि ग्रामोफोन कंपनीची दीर्घ मक्तेदारी मोडली. कष्टकऱ्यांच्या खोलीत प्रथमच गाणे आले, हे मान्य केलेच पाहिजे.

२०१२ साली कायदा बदलला. गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा समान वाटा मिळाला आणि तो कंपनीला लिहून देता येणार नाही अशी तरतूद झाली. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी झुंज दिली. हा खरा विजय होता. परंतु त्याच दुरुस्तीतील कलम ३१ सी ने पुनर्ध्वनिमुद्रणाची मुदत दोनावरून पाच वर्षांवर नेली, दर वर्षी किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरण्याची अट घातली, आणि हक्कधारकाच्या संमतीवाचून गाण्यात तांत्रिक गरजेपलीकडे कोणताही बदल करण्यास मनाई केली. ५०,००० प्रतींची रक्कम आगाऊ कोण भरू शकतो? आणि 'हक्कधारक' म्हणजे कोण?

उत्तर एप्रिल २०२० मध्ये मिळाले. 'दिल्ली-६' या २००९ सालच्या चित्रपटातील ए. आर. रहमान यांच्या 'मसक्कली' गाण्याचे रीमिक्स टी-सिरीजने काढले. रहमान यांनी जाहीरपणे नाराजी दर्शविली. श्रोतेही संतापले. तरीही रीमिक्स राहिले, कारण हक्क कंपनीकडे होते. रचनेची मोडतोड होऊन प्रतिष्ठेला बाध आल्यास हरकत घेण्याचा हक्क कलम ५७ कागदावर देते. पण ज्या कंपनीकडे उद्याचे काम मागायचे तिच्यावर आज फिर्याद कोण लावील? रहमानसारख्यांची ही स्थिती, तर ताशावाल्याची आणि कोरसमधल्या मुलीची काय असेल! जुन्या मक्तेदाराला पायउतार करणारा नवा मक्तेदार झाला, आणि ज्या शिडीने तो वर चढला ती शिडी आता इतरांना चढण्याजोगी उरली नाही.

यंत्राविषयीच्या आक्षेपात एक खरी वेदना दडलेली आहे. सिंथेसायझर आणि संगणक आले तेव्हा मुंबईच्या वादकांचे मोठे ताफे मोडले, अनेकांच्या हातचे काम गेले. ही वेदना थट्टेवारी नेण्याजोगी नाही. परंतु यंत्र आणि यंत्राचा भांडवली वापर यांत भेद करण्यास कामगारांना वेळ आणि अनुभव लागला, हे मार्क्सने 'भांडवल'मध्ये यंत्रमोड्या कामगारांविषयी लिहूनच ठेवले आहे. व्हायोलिनवादकाची रोजी रीमिक्स करणाऱ्या पोराने घेतली नाही. खर्च वाचविणाऱ्या निर्मात्याने घेतली. आज गाण्यातून आवाज वेगळा काढण्याचे तंत्र साध्या संगणकावर उपलब्ध आहे. २०१९ साली अशी एक आज्ञावली सर्वांसाठी खुली झाली. जे काम पूर्वी केवळ मूळ ध्वनिफीत बाळगणारी कंपनी करू शकत होती, ते आता मालेगावच्या किंवा म्हापशाच्या मुलाला करता येते. साधन लोकांच्या हाती आले आहे. हक्क अजून आलेला नाही.

राहिला गोंगाटाचा प्रश्न. मिरवणुकीतील ध्वनिभिंतींमुळे आजारी माणसे, वृद्ध, तान्ही मुले आणि स्वतः त्या गाडीवर राबणारे तरुण यांच्या कानांवर जो अत्याचार होतो त्याचे समर्थन कोणीही करू नये. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती पाळलीच पाहिजे. पण मर्यादा आवाजाला असते, रीमिक्सला नसते. तोच गोंगाट शास्त्रीय गायनाचाही करता येतो. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत वामनदादा कर्डकांसारख्या लोककवींची गाणी नव्या ठेक्यावर वाजतात, तेव्हा विसाव्या शतकातील त्या शब्दांवर एकविसाव्या शतकातली मुले नाचत असतात. त्या क्षणी एक परंपरा जिवंत असते. तेथे नाक मुरडणाऱ्याने विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. त्या गीतांच्या कॅसेटींवर कोणी किती कमावले आणि कवींच्या घरी किती पोहोचले?

यातून काही मागण्या स्वाभाविकपणे निघतात. विनानफा, हौसेने वा चळवळीसाठी केलेले रीमिक्स आणि मॅशअप हा गुन्हा मानला जाऊ नये. व्यापारी वापरासाठी मालकाच्या मर्जीवर न विसंबणारा, छोट्या कलावंताला परवडेल असा सक्तीचा परवाना असावा. रक्कम आगाऊ न घेता उत्पन्नाच्या प्रमाणात घ्यावी. त्या रकमेतील ठरलेला वाटा गीतकार आणि संगीतकाराबरोबरच गायक, संयोजक आणि प्रत्येक वादकाला थेट मिळावा, आणि तो कोणत्याही कराराने काढून घेता येऊ नये. मूळ कलावंतांची नावे देणे सर्वांवर, कंपन्यांवरही, बंधनकारक असावे. आणि जनतेच्या पैशाने जमलेला आकाशवाणीचा लोकसंगीताचा ठेवा, कलावंतांच्या वारसांचा हिस्सा ठरवून, नव्या पिढीच्या प्रयोगांसाठी खुला व्हावा.

या मागण्यांसाठी भांडायचे तर आधी त्या तरुणाशी भांडण मिटवावे लागेल. त्याला विकृत ठरवून शिबिराबाहेर घालविले, तर तो कंपनीच्या दारात जाऊन उभा राहील. तेथे त्याच्या कौशल्याला दाम मिळेल आणि नाव मिळणार नाही, जसे गोव्याच्या वादकांना मिळाले नाही. त्याउलट मागच्या रांगेतील वडीलधाऱ्या साथीने सुस्कारा आवरून पुढे यावे, आणि नाच थांबल्यावर त्या मुलाला विचारावे, "बाळ, ढोलकी कोणाची आहे रे ही?" मुलाला बहुधा उत्तर ठाऊक नसेल. मग दोघांनी मिळून ते नाव शोधावे, पुढच्या वेळी गाणे लावण्यापूर्वी मोठ्याने सांगावे आणि मगच ठेका धरावा. नाव सापडले की देणेही सापडेल, आणि ते कोणाकडे थकले आहे हेही दिसू लागेल.